विश्लेषण : बुचांच्या कारखान्यापासून ले मान्सच्या विजयापर्यंत… हिरोशिमाची ‘माझदा’ आजही वेगळी का ठरते?

जपानी मोटार म्हटले की टोयोटा, होंडा, सुझुकी ही नावे आधी आठवतात. ‘माझदा’ त्यांच्या तुलनेत लहान. वर्षाला साधारण १२ ते १३ लाख मोटारी, म्हणजे टोयोटाच्या सुमारे आठवा हिस्सा. तरीही जगभरच्या मोटारवेड्यांमध्ये या कंपनीला जो मान आहे, तो तिच्या विक्रीच्या आकड्यांतून समजत नाही. इतरांनी टाकून दिलेले इंजिन या कंपनीने अर्धशतक जपले. त्याच इंजिनाने तिला ओळख दिली आणि त्यानेच एकदा बुडवायलाही काढले. आता विजेवरच्या गाड्या आणि अमेरिकी आयातशुल्क या दुहेरी पेचात ही लहान कंपनी स्वतःचे वेगळेपण टिकवू शकेल का, हा प्रश्न आहे.

बुचांच्या कारखान्यातून मोटारी कशा आल्या?

३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली. तिचा मोटारींशी काहीही संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धात बुचाची आयात रोडावल्याने स्थानिक झाडांच्या सालीपासून पर्यायी बूच तयार करणे, हा तिचा उद्योग. युद्ध संपल्यावर खऱ्या बुचाची आयात पूर्ववत झाली आणि कंपनीपुढे दुसरा धंदा शोधण्याची वेळ आली. १९२१ मध्ये सूत्रे हाती घेतलेले जुजिरो मात्सुदा हे मूळचे यंत्रकाम जाणणारे. त्यांनी कंपनीला यंत्रसामग्रीकडे वळवले. १९२७ मध्ये नावातून ‘कॉर्क’ गेले आणि कंपनी ‘तोयो कोग्यो’ झाली.

१९३१ मध्ये कंपनीने पहिले वाहन बाजारात आणले ते ‘माझदा-गो’. पुढे मोटारसायकलसारखे हँडल, मागे माल ठेवायला हौदा. आपल्याकडच्या तीनचाकी टेम्पोचाच हा दूरचा भाऊ. अरुंद रस्त्यांच्या आणि गरीब व्यापाऱ्यांच्या जपानला असेच वाहन हवे होते. पुढची जवळपास तीन दशके कंपनीचे पोट प्रामुख्याने या तीनचाकींनी भरले.

‘माझदा’ हे नाव कुठून आले?

या नावाला दोन मुळे आहेत. एक म्हणजे संस्थापकांचे आडनाव मात्सुदा. जपानमध्ये आजही या कंपनीच्या नावाचा उच्चार ‘मात्सुदा’ असाच होतो. दुसरे मूळ म्हणजे जरथुष्ट्री धर्मातील ज्ञानाची देवता अहुर मझ्दा. मुंबईतील पारशी समाजामुळे हे नाव मराठी वाचकांना परके नाही. कानाला जपानी वाटेल आणि जगालाही उच्चारता येईल, अशा नावाची ही निवड दूरदृष्टीची ठरली. मात्र कंपनीचे अधिकृत नाव ‘माझदा मोटर कॉर्पोरेशन’ व्हायला १९८४ साल उजाडावे लागले.

अणुबॉम्बनंतर काय घडले?

दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यात जपानी सैन्यासाठी रायफली बनत होत्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तो जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा वाढदिवस होता. ते वाचले. बॉम्बच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवरचा कारखानाही मोठ्या प्रमाणात बचावला. मध्ये असलेल्या हिजियामा या छोट्या टेकडीने स्फोटाचा तडाखा अडवला.

शहरात उभ्या इमारती फारशा उरल्या नव्हत्या. त्यामुळे कारखान्याच्या जागेत जखमींवर उपचार झाले. हिरोशिमा प्रांताचे प्रशासकीय कार्यालयही जवळपास वर्षभर याच इमारतीतून चालले. डिसेंबर १९४५ मध्ये, बॉम्ब पडल्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. उद्ध्वस्त शहराच्या उभारणीसाठी माल वाहायला हीच वाहने कामी आली. कंपनी आणि शहर यांचे नाते तेव्हापासून निव्वळ मालक-कामगारांचे राहिलेले नाही. शहराच्या लाडक्या बेसबॉल संघाचे नाव ‘हिरोशिमा तोयो कार्प’. त्यातला ‘तोयो’ याच कंपनीचा.

रोटरी इंजिनाचा हट्ट कशासाठी?

१९६० मध्ये कंपनीने ‘आर३६०’ ही पहिली प्रवासी मोटार आणली. किंमत तीन लाख येन. मात्र त्याच सुमारास जपान सरकारच्या उद्योग मंत्रालयाच्या मनात वेगळेच होते. परदेशी कंपन्यांशी टक्कर द्यायची तर देशातल्या मोटार कंपन्यांचे मोजके गट करावेत, असा विचार पुढे आला. तसे झाले असते तर उशिरा आलेल्या आणि राजधानीपासून दूर असलेल्या या कंपनीला कुणा मोठ्या कंपनीत विलीन व्हावे लागले असते.

जुजिरो यांच्यानंतर अध्यक्ष झालेले त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखले, की स्वतंत्र राहायचे तर दुसऱ्या कुणाकडे नाही असे काहीतरी आपल्याकडे हवे. जर्मनीतील एनएसयू कंपनी फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले रोटरी इंजिन विकसित करत होती. त्सुनेजी यांनी मोठी रक्कम मोजून त्याचा परवाना मिळवला. रोटरीची निवड ही तांत्रिक हौस नव्हती, कंपनीचे अस्तित्व राखण्याची ती खटपट होती. माझदाचा पुढचा सारा इतिहास या एका निर्णयाभोवती फिरतो.

हे इंजिन चालते कसे?

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे रूपांतर चक्राकार गतीत करावे लागते. रोटरी इंजिनात दट्ट्या नसतो. कंबरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्रिकोणाची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत चिकटून असतात, त्यामुळे आत तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरेल तसे हे कप्पे लहान-मोठे होतात. इंधन-हवेचे मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे फिरता फिरताच उरकतात.

यात व्हॉल्व्ह नाहीत, वर-खाली होणारे जड भाग नाहीत. परिणामी इंजिन आकाराने छोटे, वजनाने हलके आणि कमालीचे सुरळीत. ताकद मात्र आकाराच्या मानाने भरपूर. तोटेही तितकेच ठळक आहेत. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्याने इंधन पूर्ण जळत नाही. गाडी पेट्रोल जास्त पिते, थोडे इंजिन ऑइलही जाळते. शिवाय त्रिकोणाच्या टोकांवरच्या सीलवर सतत घर्षणाचा मारा होतो.

‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ काय होते?

सुरुवातीच्या इंजिनांत ही सील थरथरत आणि पोकळीच्या गुळगुळीत भिंतीवर आडव्या रेघा उमटत. थोड्याच तासांत इंजिन निकामी होई. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी या रेघांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव ठेवले होते. त्यावर उपाय शोधण्याची जबाबदारी केनिची यामामोतो यांच्याकडे आली. त्यांच्या पथकात ४७ जण होते. जपानी इतिहासात आपल्या स्वामीसाठी प्राण देणाऱ्या ४७ सामुराईंची कथा घरोघरी माहीत आहे. त्यामुळे या पथकालाही तेच नाव पडले.

निरनिराळे पदार्थ तपासून झाल्यावर कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचे सील कामी आले. मे १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. दोन रोटरांचे इंजिन असलेली ही पहिली विक्रीयोग्य मोटार. तिची निर्मिती जेमतेम बाराशेच्या आसपास झाली, पण कंपनीला हवे होते ते साधले. हिरोशिमाच्या या कंपनीकडे टोयोटाकडेही नसलेले काहीतरी होते. मूळ शोध लावणाऱ्या एनएसयूचे नशीब मात्र उलटे फिरले. तिच्या ‘आरओ ८०’ या रोटरी मोटारीची इंजिने वारंवार बिघडली आणि ती बदलून देण्याच्या खर्चाने कंपनीचे कंबरडे मोडले. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगन समूहात गेली.

१९७३ मध्ये कंपनी बुडता बुडता कशी वाचली?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रोटरी माझदाचा बोलबाला होता. कंपनीने एकामागून एक मॉडेलांत हे इंजिन बसवले. १९७३ मध्ये तेलसंकट आले. त्यात अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या चाचण्यांनी रोटरी गाडी शहरात लिटरला जेमतेम चार-साडेचार किलोमीटर जाते, असे दाखवले. पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या असताना अशी गाडी कोण घेणार? विक्री कोसळली, न विकलेल्या गाड्यांचे ढीग साचले. जनरल मोटर्सनेही आपला रोटरी प्रकल्प गुंडाळला.

माझदा वाचली ती तिघांमुळे. सुमितोमो बँक पाठीशी उभी राहिली, पण तिची माणसे व्यवस्थापनात आली. काही काळातच मात्सुदा घराण्याकडून कंपनीची सूत्रे गेली. दुसरे म्हणजे कामगार. सरसकट कपात करण्याऐवजी कारखान्यातील हजारो माणसे विक्रेत्यांकडे पाठवली गेली आणि त्यांनी गाड्या विकल्या. तिसरे हिरोशिमा शहर. स्थानिक उद्योजकांनी आपल्या शहराची गाडी घेण्याची मोहीमच चालवली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने कंपनीतील सुमारे २५ टक्के हिस्सा घेतला.

या संकटातून कंपनीने रोटरी सोडली नाही, तिची जागा बदलली. रोजच्या वापराच्या गाड्यांना साधी इंजिने आणि रोटरी फक्त स्पोर्ट्स कारला, अशी विभागणी झाली. १९७८ ची ‘आरएक्स-७’ ही त्याची पहिली मोठी खूण. १९८० मधील ‘फॅमिलिया’ ही साधी, घरगुती मोटार जपानची पहिली ‘कार ऑफ द इयर’ ठरली. कंपनीचे घर चालवले ते या फॅमिलियाने.

ले मान्सचा विजय इतका महत्त्वाचा का?

फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत ही वाहन कंपन्यांची सर्वांत खडतर परीक्षा मानली जाते. जून १९९१ मध्ये नारिंगी-हिरव्या रंगाची, ५५ क्रमांकाची ‘माझदा ७८७ बी’ तेथे पहिली आली. चार रोटरांचे इंजिन, सुमारे ७०० अश्वशक्ती. मर्सिडीज आणि जॅग्वारच्या बलाढ्य गाड्या तिच्या मागे राहिल्या. फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो हे तिचे चालक. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारे हर्बर्ट पाण्याअभावी इतके थकले, की त्यांना विजयमंचावरही जाता आले नाही.

ले मान्स जिंकणारी ही पहिली जपानी कंपनी. त्यानंतर दुसऱ्या जपानी कंपनीला, म्हणजे टोयोटाला, तेथे जिंकायला २०१८ पर्यंत थांबावे लागले. दट्ट्याविना चालणाऱ्या इंजिनाने ही शर्यत जिंकण्याचा प्रसंग तेवढा एकच. ज्या इंजिनाला ‘टिकत नाही’ म्हणून जगाने सोडले, ते सलग २४ तास पूर्ण वेगाने धावून पहिले आले, हे त्या विजयाचे खरे मोल होते.

‘एमएक्स-५’ लोकांना का आवडते?

माझदाची सर्वांत लाडकी गाडी मात्र रोटरी नाही. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी. इंजिन साधे १.६ लिटरचे. साठच्या दशकात ब्रिटिश कंपन्या अशा हलक्या गाड्या बनवत. त्या तेल गाळत, वाटेत बंद पडत, पण चालवायला मजा येई. ब्रिटिश कंपन्यांनी हा बाजार सोडून दिला होता. ती मजा आणि जपानी भरवसा एकत्र आणला तर, अशी कल्पना बॉब हॉल या अमेरिकी वाहन पत्रकाराने १९७९ मध्ये यामामोतो यांच्यापुढे मांडली होती. हॉल पुढे माझदातच गेले आणि यामामोतो १९८४ मध्ये अध्यक्ष झाले. प्रकल्पाला बळ मिळाले.

या गाडीमागचे तत्त्व आहे ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणे. धावत्या घोड्यावरून बाण सोडण्याच्या जपानी परंपरेतून ते आले. मांड पक्की असलेल्या स्वाराला लगाम फार खेचावा लागत नाही. तसे स्टीअरिंग किंचित वळवताच गाडीने वळावे, ही अपेक्षा. त्यासाठी ताकद वाढवण्यापेक्षा वजन कमी करण्यावर आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर समान वाटण्यावर भर दिला गेला. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. दोन आसनी स्पोर्ट्स कारमधील विक्रीचा गिनेस विक्रमही तिच्याच नावावर आहे. महागड्या स्पोर्ट्स कार अनेक कंपन्या बनवतात. मध्यमवर्गीय नोकरदाराला परवडेल अशी गाडी साडेतीन दशके सातत्याने बनवणे फार थोड्यांना जमले.

फोर्ड आली आणि गेली, तेव्हा काय बदलले?

नव्वदच्या दशकात जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. त्याआधी माझदाने देशात विक्रीची पाच वेगवेगळी दालने उघडली होती. तो पसारा अंगाशी आला. १९९६ मध्ये फोर्डने आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीच्या अध्यक्षपदी परदेशी व्यक्ती येण्याची ही पहिलीच वेळ. २००८ च्या जागतिक मंदीत खुद्द फोर्डलाच पैशांची गरज भासली आणि तिने टप्प्याटप्प्याने माझदातून अंग काढून घेतले.

आधार गेला, पण मोकळीकही मिळाली. विजेवरच्या गाड्यांवर ओतायला पैसा नसलेल्या माझदाने साधे पेट्रोल-डिझेल इंजिनच मुळापासून नव्याने आखले. ‘स्कायॲक्टिव्ह’ हे त्याचे नाव. इंधनाचे मिश्रण जितके जास्त दाबावे तितके त्यातून काम अधिक मिळते. पण पेट्रोल इंजिनात दाब फार वाढला तर मिश्रण अवेळी पेटते. माझदाने धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची रचना बदलून आतली उष्णता कमी केली आणि १४ पट दाब शक्य करून दाखवला. २०१२ ची ‘सीएक्स-५’ ही या तंत्रावर पूर्णपणे बेतलेली पहिली गाडी. तिने कंपनीला पुन्हा उभे केले. त्याच काळात ‘कोदो’ ही देखणी रचनाशैली आणि गडद लाल रंग ही माझदाची नवी ओळख बनली. या शैलीचे प्रमुख इकुओ माएदा यांचे वडील पहिल्या आरएक्स-७ चे रचनाकार होते.

भारताशी संबंध काय?

माझदाच्या मोटारी भारतात अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. तरीही हे नाव महाराष्ट्रातील रस्त्यांवर अनेकांनी वाचलेले आहे, ते ‘स्वराज माझदा’च्या छोट्या ट्रकवर आणि शाळेच्या बसवर. १९८३ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सने माझदा आणि सुमितोमोच्या सहकार्याने ही कंपनी पंजाबात काढली. पुढे माझदा बाहेर पडली, इसुझु आली आणि नाव ‘एसएमएल इसुझु’ झाले. २०२५ मध्ये मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रने तिचा ताबा घेतला.

आता पुढे काय?

अमेरिका ही माझदाची सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतांश गाड्या जपान आणि मेक्सिकोतून जातात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावले. जपानी गाड्यांसाठी ते सप्टेंबरमध्ये एकूण १५ टक्क्यांवर आले, पण पूर्वीच्या अडीच टक्क्यांच्या तुलनेत हा भार मोठाच. टोयोटासारख्या कंपनीकडे अमेरिकेत अनेक कारखाने आहेत. माझदाकडे आहे तो अलाबामातील एक, तोही टोयोटाच्या भागीदारीत. कंपनी तोट्यात गेली, त्याची झळ हिरोशिमातील शेकडो लहान पुरवठादारांपर्यंत पोहोचते.

विजेवरच्या गाड्यांतही माझदाला सोबत शोधावी लागली आहे. चीनमधील चांगआन कंपनीच्या तंत्रावर तिच्या काही विजेच्या गाड्या उभ्या आहेत, तर टोयोटाकडे माझदाचा सुमारे पाच टक्के हिस्सा आहे. नियंत्रणासाठी टचस्क्रीनऐवजी फिरवायची कळच बरी, असा आग्रह वर्षानुवर्षे धरणाऱ्या कंपनीने नव्या सीएक्स-५ मध्ये मोठा टचस्क्रीन स्वीकारला. सगळ्यांसारखे होण्याचा दबाव असा लहान गोष्टींतूनही दिसतो.

रोटरीही परतली आहे. २०१२ मध्ये ‘आरएक्स-८’ बंद झाल्यावर ती संपली, असे वाटले होते. २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’मध्ये ८३० सीसीचे एका रोटरचे इंजिन बसवण्यात आले, मात्र ते चाके फिरवत नाही, फक्त बॅटरीसाठी वीज तयार करते. छोटे, हलके आणि न थरथरणारे, हे तिचे जुने गुण येथे उपयोगी पडतात. रोटरी स्पोर्ट्स कार पुन्हा येईल, अशी आशा २०२३ च्या टोक्यो प्रदर्शनातील ‘आयकॉनिक एसपी’ या नमुन्याने जागवली. ती प्रत्यक्षात येईल की नाही, हे मात्र सीएक्स-५ सारख्या साध्या, घरगुती गाड्या किती खपतात यावरच ठरेल. १९७३ पासून माझदात हा हिशेब बदललेला नाही.